कडेवरची अक्षरं: व्हिक्टोरिया राणीच्या फौजेतल्या आर्मररचा माग कसा काढायचा

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी गंजलेले पाने आणि बिनकाट्यांची घड्याळं यांच्या ढिगात मला एक काळपट चांदीची चकती दिसली. विकणारा म्हणाला, "राणीचा रुपया आहे साहेब, वर कडी लावून लॉकेट केलंय." एका बाजूला मुकुटातली राणी होती, हे खरं. पण दुसऱ्या बाजूला पाठीवर तोफ घेऊन चाललेला हत्ती आणि त्याच्याभोवती फौज! शिवाय रुपयाच्या कडेला बारीक दाते असतात, इथे कड गुळगुळीत होती आणि तिच्यावर अक्षरं कोरलेली होती. घरी येऊन भिंग लावलं. एक नंबर, आडनावाचा अर्धा भाग, मग इंग्रजीत 'आर्मर. सार्जंट' असं त्रोटक लिहिलेलं, आणि शेवटी पलटणीचा नंबर. आडनावाचा उरलेला भाग कडी डागताना सांडलेल्या कथलाखाली गेला होता.

दुसऱ्या अफगाण युद्धाचं, १८७८ ते १८८० या काळाचं ते पदक. अशी पदकं मुंबई-पुण्यात अजून निघतात, कारण त्या युद्धात मुंबई इलाख्याच्या फौजेचा मोठा वाटा होता. साध्या शिपायाचं पदक असेल तर त्याचा शोध कसा घ्यायचा, हे ठिकठिकाणी लिहिलेलं सापडतं. आर्मररच्या बाबतीत मात्र तीच पद्धत वापरली की माणूस हरवतो. कसा, ते आधी सांगतो.

एक माणूस, दोन घरं

आर्मरर म्हणजे पलटणीच्या बंदुका चालत्या ठेवणारा कारागीर. एनसीसी केलेल्यांना कोत, म्हणजे हत्यारांची खोली, आणि तिथला आर्मरर आठवत असेल. आपल्याकडचा शिकलगार त्याच्या जवळ जातो, पण शिकलगाराचं काम धारेचं आणि पाणी चढवण्याचं. आर्मरर चाप, घोडा, स्प्रिंग, नळी, नेम धरायची माशी, दस्ता हे सगळं बघायचा.

ब्रिटिश फौजेत १८५८ साली आर्मरर-सार्जंटांचं वेगळं कोअर झालं. माणूस कोअरचा, पण नेमणूक एखाद्या पायदळ बटालियनवर किंवा घोडदळ रेजिमेंटवर. राहणं, खाणं, लढाईवर जाणं सगळं पलटणीबरोबर. पुढे १८९६ मध्ये हे कोअर आर्मी ऑर्डनन्स कोअरमध्ये, म्हणजे फौजेला हत्यारं आणि सामान पुरवणाऱ्या खात्यात, विलीन झालं. त्या कोअरला १९१८ मध्ये 'रॉयल' किताब मिळाला आणि १९४२ मध्ये आर्मरर नव्या आर.ई.एम.ई. या यंत्रदुरुस्तीच्या कोअरकडे गेले.

म्हणजे आपल्या माणसाचं सासर-माहेर दोन्ही आहे, आणि कागदपत्रं दोन्हीकडे विखुरलेली आहेत. पलटणीचा इतिहास लिहिणारे त्याला कोअरचा म्हणून सोडून देतात आणि कोअरचा इतिहास लिहिणारे पलटणीत होता म्हणून. म्हणून नियम एकच: प्रत्येक शोध दोनदा करायचा. एकदा पलटणीच्या नावाने, एकदा कोअरच्या नावाने.

याची भरपाई करणारी एक गोष्टही आहे. एका बटालियनमध्ये आठशे-हजार शिपाई, त्यांत एकाच आडनावाचे पाच-सहा जण सहज निघायचे. आर्मरर-सार्जंट मात्र साधारणपणे एकच. त्यामुळे हुद्दा, पलटण आणि साल एवढं वाचता आलं तर नाव पुसलेलं असूनही माणूस सापडू शकतो. माझ्या चकतीत जीव राहिला तो यामुळेच.

पहिलं काम: कड वाचणं

पदक घासू नका. हे आधी सांगतो, कारण घरी आणल्यावर पहिला मोह तोच होतो. चिंच, राख, टूथपेस्ट, पितळ घासायची पावडर, काही नको. कोरलेल्या अक्षरांच्या खोबणीत साचलेला काळेपणाच वाचायला मदत करतो. तो गेला की उथळ अक्षरं दिसेनाशी होतात.

पदक मऊ कापडावर आडवं धरा. दिवा समोरून नको, एका बाजूने, अगदी तिरपा. दहापट भिंग घ्या आणि पदक हळूहळू फिरवा. जे दिसेल ते जसंच्या तसं उतरवा, टिंबांसकट. अंदाजाने पुरं करू नका. मी पहिल्यांदा 'एच' वाचलेलं अक्षर तिरप्या उजेडात 'एन' निघालं आणि दोन संध्याकाळी फुकट गेल्या.

मग बघायचं ते लिहिण्याच्या पद्धतीकडे. शिक्क्याने ठोकलेली अक्षरं वेगळी, हाताने कोरलेली वेगळी. १८५७-५८ च्या पदकावर नावं ठोकलेली असतात. अफगाणिस्तान पदकावर कोरलेली मोठी अक्षरं. १८९५ च्या इंडिया मेडलवर बहुधा वळणदार चालू लिपी. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या क्वीन्स साउथ आफ्रिका मेडलवर पुन्हा ठोकलेली. रशियाविरुद्धच्या क्रिमिया युद्धाची पदकं पुष्कळदा बिननावाचीच वाटली गेली आणि मालकांनी नंतर खासगी कारागिराकडून नाव घालून घेतलं, त्यामुळे तिथे अक्षरांवरून लगेच खोटं ठरवू नये.

पण अफगाण पदकावर भलत्याच वळणाची अक्षरं दिसली तर सावध व्हा. जुनं नाव कानशीने घासून नवं घातलेली पदकं बाजारात असतात. घासलं की व्यास कमी होतो. मोजमापाचा व्हर्निअर कॅलिपर घ्या: या काळातली बहुतेक पदकं साधारण ३६ मिलिमीटरची असतात. चार-पाच जागी मोजून कुठे फरक येतो का पाहा आणि चेहऱ्याभोवतीचा उंच काठ सगळीकडे सारखा आहे का तेही पाहा. एका बाजूला काठ बसलेला असेल तर कारण शोधल्याशिवाय पैसे देऊ नका.

पलटणीचं नाव हा तारखेचा पुरावाही असतो. १ जुलै १८८१ पर्यंत पायदळाच्या रेजिमेंट नंबराने ओळखल्या जात, त्यानंतर परगण्यांच्या नावांनी. ६६वी पलटण बर्कशायर रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली ती तेव्हाच. १८९६ नंतरच्या पदकावर तर बटालियनचा उल्लेखच नसू शकतो, फक्त ऑर्डनन्स कोअरची तीन इंग्रजी आद्याक्षरं.

दुसरं काम: पदक काय सांगतं आणि काय सांगत नाही

इथे थोडं रेंगाळू या, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

मोहिमेचं पदक म्हणजे शौर्याचं बक्षीस नव्हे. ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या मुलखात हजर होता एवढाच त्याचा अर्थ. रिबनच्या खाली पदकाच्या दांडीवर ज्या चांदीच्या पट्ट्या बसवतात, त्यांना क्लॅस्प म्हणतात. एखाद्या विशिष्ट लढाईत किंवा वेढ्यात असल्याची ती खूण. अफगाण पदकाला सहा क्लॅस्प होते: अली मशीद, पैवार कोतल, चारासिया, अहमद खेल, काबूल आणि कंदाहार.

आता आर्मररचा विचार करा. पलटण पुढे सरकली की दुरुस्तीचं सामान, सुटे भाग आणि मोडक्या बंदुका बऱ्याचदा मागे, तळावर राहायच्या. त्यांच्याबरोबर आर्मररही. म्हणून पलटणीतल्या सगळ्यांना क्लॅस्प आणि आर्मररचं पदक कोरं, म्हणजे बिनक्लॅस्पचं, असं दिसलं तर लगेच 'क्लॅस्प हरवला' किंवा 'पदक बनावट' म्हणू नका. उलटही होतं. त्याच्या पदकावर क्लॅस्प असेल तर तो त्या दिवशी फौजेबरोबर होता, एवढं नक्की म्हणता येतं. बंदूक चालवत होता की हातोडी, ते नाही.

क्लॅस्प नाही म्हणजे काही घडलं नाही, असंही नाही. २७ जुलै १८८० ला अफगाणिस्तानात मैवंदला जनरल बरोज यांच्या ब्रिगेडचा अफगाण सरदार अयूब खानाने धुव्वा उडवला. ६६वी पलटण, मुंबईचे पहिले ग्रेनेडियर्स, ३० वी म्हणजे जेकब्स रायफल्स, मुंबईचे सॅपर्स. एकूण नऊशेहून अधिक माणसं पडली. त्या लढाईला क्लॅस्पच नाही. हरलेल्या लढाईची पट्टी कोण देणार? म्हणून मैवंदला पडलेल्या शिपायाचं पदक बहुधा कोरं असतं, आणि आज संग्राहक त्याच कोऱ्या पदकासाठी भांडतात. मैवंदहून जखमी होऊन वाचलेला ६६व्या पलटणीचा कुत्रा बॉबी, त्यालाही पुढे राणीच्या हातून अफगाण पदक मिळालं. १८८२ मध्ये इंग्लंडात गॉस्पोर्टला घोडागाडीखाली सापडून तो मेला. युद्धातून वाचायचं आणि भाड्याच्या गाडीखाली जायचं, काय म्हणावं!

बाकीची पदकं भराभर. १८५४ चं इंडिया जनरल सर्व्हिस मेडल क्लॅस्पशिवाय कधीच दिलं गेलं नाही. एकच पदक, आणि पेगूपासून वझिरीस्तानपर्यंतच्या मोहिमांच्या पट्ट्या त्यावर चढत जायच्या. इजिप्त मेडलच्या मागे १८८२ हे साल असेल तर माणूस पहिल्या मोहिमेतला, साल नसेल तर पुढच्या सुदान मोहिमांतला. आधीच पदक असलेल्याला नुसती पट्टी मिळे. त्याच्या जोडीचा खेदिवाचा, म्हणजे इजिप्तच्या राज्यकर्त्याचा, ब्राँझचा तारा बिननावाचा असतो, मागे कधी पलटणीने ठोकलेला नंबर सापडतो. काबूल-कंदाहार तारा अयूब खानाकडून जिंकलेल्या तोफांच्या धातूचा आहे. बोअर युद्धात 'केप कॉलनी' आणि 'नाताळ' या प्रांतांचे दोन्ही क्लॅस्प एकाच माणसाला मिळत नसत, म्हणून दोन्ही एका दांडीवर दिसले तर कुणीतरी हात मारलेला आहे. किंग्ज साउथ आफ्रिका मेडल क्वीन्सच्या सोबतच येतं. तुमच्याकडे एकटं असेल तर त्याचा जोडीदार कुठेतरी दुसऱ्याच्या कपाटात आहे.

क्रिमियातल्या तुर्की पदकाची गंमत तर सांगितलीच पाहिजे. इंग्रज, फ्रेंच आणि सार्डिनियन फौजांसाठी तीन वेगळे नमुने काढले होते. इंग्रजांचा माल घेऊन येणारं जहाज बुडालं आणि पुष्कळ इंग्रज शिपायांच्या छातीवर सार्डिनियाचा नमुना लागला. तो पाहून 'हा इटलीचा होता काय' म्हणून भलत्या वाटेला लागू नका.

अबिसिनियाचं, म्हणजे आजच्या इथिओपियातल्या मोहिमेचं, पदक मात्र वेगळ्याच थाटाचं. १८६७-६८ ची ती मोहीम मुंबईहून निघाली, सेनापती मुंबई फौजेचेच सर रॉबर्ट नेपियर. १३ एप्रिल १८६८ ला मगदालाचा किल्ला पडला. या पदकावर नाव कडेवर नाही, मागच्या बाजूला मधोमध, पानांच्या हारात, उठावाच्या अक्षरांत आहे. म्हणजे प्रत्येक माणसासाठी वेगळा ठसा! खर्च किती झाला असेल, याचा हिशोब पुढच्या कारकुनांनी बहुधा लक्षात ठेवला, कारण हा प्रकार पुन्हा झाला नाही.

राहिली दोन नोकरीची पदकं. लाँग सर्व्हिस अँड गुड कंडक्ट मेडलला १८७० पासून १८ वर्षांची स्वच्छ नोकरी लागे. मेरिटोरियस सर्व्हिस मेडल १८४५ मध्ये सुरू झालं, निवडक सार्जंटांना, वर्षासनासह. आर्मरर लवकर सार्जंट होई आणि दीर्घकाळ टिके, म्हणून त्याच्या छातीवर लढाईचं पदक नसलं तरी किरमिजी फितीचं चांदीचं पदक असण्याचा संभव चांगला.

तिसरं काम: याद्या

मोहिमांच्या मेडल रोलची, म्हणजे पदक मिळालेल्यांच्या याद्यांची, मालिका लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ (वॉर ऑफिस, म्हणजे युद्धखातं) १०० या नावाने आहे. अॅन्सेस्ट्री या संकेतस्थळावर ती पैसे भरून पाहता येते. नाव टाकून शोधण्यावर विसंबू नका. जुनं हस्ताक्षर वाचून केलेल्या सूचीत 'आर्मरर' चं काय काय झालेलं असतं! त्यापेक्षा मोहीम आणि पलटण निवडा आणि पानं उलटत जा. हुद्द्यांप्रमाणे यादी असेल तर आर्मरर-सार्जंट वरच्या भागात, स्टाफ सार्जंटांच्या ओळीत सापडतो. तिथे नसेल तर शेवटी, संलग्न माणसांत बघा. तिथेही नसेल तर दुसरं घर: कोअरची यादी.

शेवटचा 'शेरा' रकाना आवर्जून वाचा. मृत्यू, बदली, मायदेशी रवानगी, पदक कुठे पाठवलं, असले तपशील तिथेच असतात. एका ओळीच्या शेऱ्यात कधी कधी पदकापेक्षा जास्त माहिती असते.

लाँग सर्व्हिसच्या याद्या डब्ल्यूओ १०२ मध्ये, मेरिटोरियसच्या डब्ल्यूओ १०१ मध्ये. ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि हिंदी फौजेच्या याद्या ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात, एल/एमआयएल/५ मालिकेत.

चौथं काम: नोकरीचे कागद

डब्ल्यूओ ९७ म्हणजे नोकरी संपल्यावरचे कागद, फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर पाहायला मिळतात. १८८३ पूर्वीचे कागद पेन्शनवर गेलेल्यांचेच टिकले आहेत. नोकरीत मेलेल्याचे, पळून गेलेल्याचे बहुधा नाहीत. १८८३ ते १९१३ चा संच बराच भरलेला आहे आणि आडनावांच्या क्रमाने लावलेला आहे. एखादा आर्मरर १९१४ नंतरही नोकरीत असेल तर त्याचे कागद १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळालेल्या संचात गेले असण्याचा धोका आहे.

कागद मिळाले तर पहिल्यांदा धंद्याचा रकाना बघा. गनमेकर, गन-फिनिशर, लॉक-फायलर असं काही आणि जन्मगाव बर्मिंगहॅम किंवा एनफिल्डच्या आसपासचं, तर माणूस बंदुकांच्या घरातच वाढलेला. बर्मिंगहॅमच्या गन क्वार्टरमध्ये एका बंदुकीचं काम अनेक हातांत वाटलेलं असे: कुणी फक्त नळी भोकारायचा, कुणी फक्त लॉक (घोडा-चापाची यंत्रणा) घासायचा, कुणी दस्ता बसवायचा. पण धंदा भलताच असेल, समजा कोष्टी किंवा मजूर, तर तो आधी साधा शिपाई होता आणि पलटणीतून निवडून शिकायला पाठवला, अशी शक्यता धरा. मग त्याचा आधीचा नंबर वेगळा असणार. नंबर तेव्हा रेजिमेंटचे होते, माणसाचे नव्हते. घर बदललं की नंबर बदलला.

बाकी कागदांत उंची, डोळ्यांचा रंग, शिक्षा, आजार, लग्न, मुलं, कुठल्या देशात किती दिवस, सगळं येतं. तारखांचा एक तक्ता करा: एका बाजूला देश आणि मुदत, दुसऱ्या बाजूला पदकं. पदकाची मोहीम आणि देशातली मुदत जुळलीच पाहिजे. नाही जुळली तर माणूस तरी दुसरा, नाहीतर पदक तरी.

समजा एकाने १८६६ मध्ये भरती होऊन २१ वर्षांनी पेन्शन घेतली. त्याच्याकडे अबिसिनियाचं पदक एका पलटणीच्या नावाचं आणि अफगाणिस्तानचं दुसऱ्याच पलटणीच्या नावाचं निघालं. साध्या शिपायाच्या जोडीत असं दिसलं तर मी कपाळाला आठी घालीन. आर्मररच्या जोडीत नाही, कारण कोअर त्याला एका पलटणीवरून दुसरीवर पाठवू शकत असे.

कागदच नसतील तर

तिमाही हजेरीपट उघडा: डब्ल्यूओ १२, जो १८७८ च्या सुमारास संपतो, आणि पुढे १८९८ पर्यंत डब्ल्यूओ १६. काम कंटाळवाणं आहे, पण दर तीन महिन्यांनी तो कुठे होता हे त्यात कळतं. १८६८ ते १८८३ च्या पटांच्या शेवटी परवानगीने लग्न केलेल्यांची यादीही असते.

आणि आपल्या सोयीचा मार्ग म्हणजे बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदी. मुंबई इलाख्याच्या या नोंदी इंडिया ऑफिस दप्तरात एन/३ मालिकेत आहेत. बंगालच्या एन/१, मद्रासच्या एन/२. पुणे, खडकी, देवळाली, अहमदनगर, बेळगाव, कुलाबा: आर्मररची पलटण इथल्या एखाद्या छावणीत असेल तर मुलाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचा हुद्दा आणि पलटण असते. फिबिस या संस्थेची सूची फुकट शोधता येते, सुरुवात तिथून करा. इंग्लंडच्या जनगणनेत मात्र परदेशी छावण्यांतले शिपाई १९११ पूर्वी मिळत नाहीत, तेव्हा १८८१ मध्ये तो 'गायब' दिसला तर घाबरू नका. हिंदुस्थानात असेल.

बंदूक विसरू नका

बहुतेक लेखांत हा भाग नसतो आणि मला तो सगळ्यात आवडतो. आर्मररची नोकरी हत्यारांच्या बदलावर वाचावी लागते. १८५३ ची एनफिल्ड तोंडातून भरायची. १८६६ पासून तिलाच मागून भरणारी कळ बसवून स्नायडर केली, आणि ती पहिल्यांदा लढाईत गाजली ती अबिसिनियात. १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री, १८८८ मध्ये ली-मेटफर्ड, १८९५ मध्ये ली-एनफिल्ड. एकवीस वर्षांच्या नोकरीत माणसाला दोनदा धंदा नव्याने शिकावा लागू शके.

मार्टिनीचं दुखणं ऐकण्यासारखं आहे. तिचं काडतूस पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेलं. भराभर गोळ्या झाडल्या की नळी तापायची, पत्रा फाटून आत चिकटायचा, त्यात वाळू. १७ जानेवारी १८८५ ला सुदानात अबू क्लीआला ऐन गर्दीत बंदुका अडकल्या, संगिनी वाकल्या, आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. तेव्हा 'अबू क्लीआ' असा क्लॅस्प असलेलं आर्मररचं पदक हाती आलं तर पलटणीच्या इतिहासाबरोबर हत्यारांवरच्या चौकशांचे अहवालही चाळा. त्यात त्याचं नाव नसेल, पण त्याचा त्या आठवड्यातला त्रास असेल.

घरी आणल्यावर

पदक आम्लविरहित कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. पीव्हीसीच्या पाकिटात किंवा लाकडी कपाटात उघडं नको. फीत जुनी असेल तर ती फाटकी का होईना, तशीच राहू द्या. शंभर वर्षांहून जुनी वस्तू आपल्याकडे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. ती परदेशी पाठवणं खासगी माणसाला मना आहे, आणि तिचा धंदा करायला परवाना लागतो. लंडनच्या लिलावातले आकडे पाहून कुरिअर करायला निघालेले दोघे-तिघे मला भेटलेत, म्हणून लिहिलं.

माझ्या चकतीवरचं कथील मी अजून काढलेलं नाही. एका सोनाराने दोन मिनिटांचं काम म्हणून सांगितलं, पण उष्णतेने खालची कोरीव अक्षरं बसली तर? पलटण कळलेली आहे, हुद्दा कळलेला आहे, साल कळलेलं आहे. रोलच्या त्या पानावर आर्मरर-सार्जंट एकच असणार. आधी पान मागवतो, मग कथलाचं बघू.